झाडाचा फोटो काढला, ॲपने रोग सांगितला… पण तो खरा आहे का? घरच्या बागेतलं आजारी झाड ओळखायची सोपी पद्धत



मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. सध्या वर्क फ्रॉम होम असल्यामुळे पुण्याची खोली सोडून मारेगावला घरी आलोय. यवतमाळ जिल्ह्यातलं, वणीच्या अलीकडचं हे आमचं तालुक्याचं गाव. चहूकडे कपाशी, सोयाबीन आणि तूर. घरी शेती असली तरी मी आयुष्यात स्वतःच्या हाताने एक झाड वाढवलं नव्हतं. मागच्या उन्हाळ्याच्या शेवटी हौस आली आणि घरामागे बांबू रोवून हिरवी शेडनेट बांधली. तिच्याखाली २४ कुंड्या मांडल्या. त्यात टोमॅटो, मिरची, वांगी, दोन गुलाब आणि एक लिंबू असं सगळं लावलं.

ऑगस्टमध्ये टोमॅटोची खालची पानं पिवळी पडायला लागली. दुपारी झाडं मान टाकायची. मी काय केलं असेल? तुम्हीही तेच केलं असतं. फोन काढला, झाडं ओळखणारं एक ॲप डाउनलोड केलं आणि फोटो टाकला.

पहिल्या फोटोला उत्तर आलं, करपा. दुसऱ्या दिवशी त्याच झाडाच्या दुसऱ्या पानाचा फोटो टाकला, तर मॅग्नेशियमची कमतरता. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी फ्लॅश लावून फोटो घेतला, तर विषाणूजन्य रोग. झाड एकच, तीन दिवसांत तीन रोग! आणि मी शहाणा, तिन्ही उत्तरांवर इलाज करत गेलो. बुरशीनाशक मारलं, मॅग्नेशियमचं पाणी दिलं. तिसऱ्या दिवशी 'विषाणू पांढरी माशी पसरवते' असं वाचलं आणि घरात कपाशीसाठी आणून ठेवलेली कीटकनाशकाची बाटली काढली.

आईने पाहिलं. "काय मारून राहिला रे त्यावर?"

"टमाट्यावर रोग आला, आई."

"रोग आला म्हणून कपाशीचं औषध? ते टमाटे खाणार कोण हाय मग?"

बाबा ओसरीवरून म्हणाले, "चार दिवसांपासून फोटोच काढून राहिला. एक झाड उपटून त पाह्य."

उपटलं. मुळं पांढरी असायला हवी होती, ती तपकिरी आणि लिबलिबीत झाली होती. मातीला नालीसारखा वास येत होता. कुंडीच्या तळाची भोकं चिखलाने बंद झाली होती. झाडं पाण्यात बुडून मरत होती आणि मी वरून त्यांच्यावर औषधं मारत होतो.

या लेखात आपण पाहणार आहोत की असं का झालं, फोटोवरून रोग ओळखणारी ॲप्स नेमकी कशी काम करतात, ती कुठे चुकतात आणि नवख्या माणसाने आजारी झाड तपासायचं तर कोणत्या क्रमाने तपासायचं. चला तर मग.

ॲप फोटोत काय 'बघतं'?

ही ॲप्स ज्या तंत्रावर चालतात त्याला इमेज क्लासिफिकेशन म्हणतात. आधी मॉडेलला हजारो फोटो दाखवतात आणि प्रत्येक फोटोवर नाव लिहिलेलं असतं. हा टोमॅटोचा करपा, ही भुरी, हे निरोगी पान. मॉडेल रंग, ठिपके, कडा यांचे नमुने शिकतं. मग तुमचा फोटो आला की ते शिकलेल्या नमुन्यांशी जुळवून सांगतं, 'हा करपा असण्याची शक्यता ९२ टक्के.'

या विषयात २०१६ मध्ये एक गाजलेला शोधनिबंध आला. प्लांटव्हिलेज नावाच्या संग्रहातले ५४,३०६ फोटो, १४ पिकं, २६ रोग. पीक आणि रोगाच्या जोड्या मिळून ३८ गट. मॉडेलची अचूकता आली ९९.३५ टक्के! बातम्यांमध्ये हाच आकडा फिरला. पण त्याच निबंधात लेखकांनी प्रामाणिकपणे पुढची गोष्टही लिहिली आहे. वेगळ्या परिस्थितीत काढलेले, बाहेरून गोळा केलेले फोटो दिल्यावर अचूकता घसरून सुमारे ३१ टक्क्यांवर आली.

का? कारण संग्रहातले बहुतेक फोटो एकसारखे होते. पान तोडलेलं, साध्या पार्श्वभूमीवर ठेवलेलं, प्रकाश नीट. नंतर एका संशोधकाने गंमत केली. त्याने पान बघितलंच नाही, फोटोच्या पार्श्वभूमीतले फक्त ८ पिक्सेल घेऊन मॉडेल शिकवलं. तरी ४९ टक्के उत्तरं बरोबर आली. नुसता अंदाज ठोकला असता तर ३८ गटांत २.६ टक्केच बरोबर आली असती. म्हणजे रोगाची खूण पानावर नव्हे, पार्श्वभूमीतही लपली होती! एका रोगाचे फोटो एका जागी, एका प्रकाशात काढले की असं होतं. आमच्या कॉलेजच्या भाषेत सांगायचं तर मॉडेलने अभ्यास केलाच नाही, पेपर कुठल्या रंगाच्या कागदावर छापलाय ते बघून उत्तर लिहिलं.

आजची ॲप्स त्या मॉडेलपेक्षा बरीच पुढे गेली आहेत. शेतातले खरे फोटो वापरतात, पिकाचं नाव विचारतात. पण तीन मर्यादा अजूनही लक्षात ठेवा.

१. मॉडेलला जे शिकवलंय त्यातूनच ते उत्तर निवडतं. साध्या क्लासिफायरमध्ये सगळ्या पर्यायांची टक्केवारी मिळून १०० करतात. 'मला माहीत नाही' हा पर्याय मुद्दाम ठेवला नसेल, तर तुम्ही चपलेचा फोटो टाकला तरी कुठला तरी रोग निघेल.

२. ९२ टक्के म्हणजे ९२ टक्के खरं नव्हे. त्याचा अर्थ इतकाच की माहीत असलेल्या पर्यायांपैकी हा सर्वात जास्त जुळला.

३. फोटोत मुळं दिसत नाहीत. माती ओली आहे की कोरडी, भोकं बंद आहेत का, काल कोणतं खत टाकलं, शेजारच्या वावरात काय फवारलं, यातलं काहीच पानाच्या फोटोत नसतं. आणि घरच्या बागेतल्या बऱ्याच आजारांचं मूळ नेमकं याच गोष्टींत असतं.

माझी चूक ॲप वापरण्यात नव्हती. प्रॉडक्शनमध्ये बग आला की आम्ही आधी लॉग बघतो, मग कोडला हात लावतो. इथे मी लॉग न बघताच तीन दिवसांत तीन पॅच टाकले. त्यामुळे कशाने काय झालं हेही कळायचा मार्ग उरला नाही.

फोटो काढण्याआधी हे चार प्रश्न

१. किती झाडांवर आहे आणि कोणकोणत्या?

सर्वात मोठा सुगावा इथेच मिळतो. रोग आणि किडी सहसा आवडनिवड करतात. टोमॅटोवरचा एखादा रोग गुलाबावर येत नाही. त्यामुळे टोमॅटो, वांगी, गुलाब, लिंबू सगळेच एकदम मलूल झाले असतील, तर संशय पाणी, ऊन, माती, खत किंवा उडून आलेल्या फवाऱ्यावर घ्या. एकाच जातीची झाडं धरली असतील आणि रोज एक-दोन नवीन झाडं त्यात जात असतील, तर रोग किंवा कीड.

माझ्याकडे टोमॅटोसोबत वांगीही पिवळी पडली होती. मी फक्त टोमॅटोचे फोटो काढत बसलो, वांग्याकडे बघितलंच नाही.

२. एका रात्रीत झालं की हळूहळू?

एका दिवसात सगळं झालं असेल तर ऊन, जास्त खत, तणनाशक असं काहीतरी. आठ-दहा दिवसांत पसरत गेलं असेल तर रोग, कीड, मुळांचा त्रास किंवा अन्नद्रव्य कमी.

३. जुनी पानं की नवी पानं?

याला थोडं विज्ञान आहे, पण एकदा समजलं की आयुष्यभर कामी येतं. नत्र, स्फुरद, पालाश आणि मॅग्नेशियम ही अन्नद्रव्यं झाड आतल्या आत हलवू शकतं. कमी पडली की जुन्या पानांतून काढून नव्या पानांना देतं. म्हणून यांची कमतरता खालच्या, जुन्या पानांवर आधी दिसते. लोह आणि कॅल्शियम मात्र झाडाला तसं हलवता येत नाही. म्हणून त्यांची कमतरता शेंड्याच्या नव्या पानांवर किंवा फळावर दिसते.

- जुनी पानं सगळी सारखी फिकट पिवळी: नत्र कमी, किंवा मुळं काम करत नाहीत.
- जुन्या पानांच्या शिरा हिरव्या, मधला भाग पिवळा: मॅग्नेशियम.
- जुन्या पानांच्या कडा भाजल्यासारख्या: पालाश कमी, किंवा पाण्यात क्षार जास्त.
- नवी पानं पिवळी, शिरा हिरव्या: लोह.
- टोमॅटोच्या फळाचा बूड काळा, चामड्यासारखा: फळाला कॅल्शियम पोचत नाही, बहुतेक वेळा अनियमित पाण्यामुळे.

'किंवा' हा शब्द पुन्हा पुन्हा येतोय, लक्षात आलं का? मुळं सडली की जमिनीत अन्न असूनही झाड उपाशी राहतं. पान खतच मागत असतं, पण खत टाकून उपयोग नसतो.

४. मागच्या दोन आठवड्यांत काय बदललं?

नवी माती, नवं खत, चार दिवस झड, कुंडीची जागा बदलली, शेडनेट नवीन लावली. खरं उत्तर बहुतेक वेळा इथेच सापडतं. माझं उत्तर होतं, 'आठ दिवस पाऊस होता, तरी मी रोज सकाळी सवयीने पाणी घालत होतो.'

आता हात लावून बघा: पाच मिनिटांची तपासणी

बोट घाला. मातीत दोन पेर बोट आत घालून बघा. वरून कोरडी दिसणारी काळी माती आत चिखल असू शकते.

कुंडी उचला. पाणी दिल्यावर एकदा आणि दोन दिवसांनी एकदा उचलून बघा. आठवडाभरात हाताला वजन कळायला लागतं. याला कुठलाही सेन्सर लागत नाही.

कोमेजलेल्या झाडाची माती बघा. कोमेजलंय आणि माती कोरडी, तर पाणी द्या. कोमेजलंय आणि माती ओली, तर पाणी अजिबात देऊ नका. मुळं सडली असतील किंवा मर रोग असेल. भर दुपारी मान टाकून संध्याकाळी आपोआप ताठ होत असेल, तर ते बहुधा उन्हाचं. आमच्याकडे मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो, तेव्हा निरोगी झाडंही असं करतात.

पान उलटं करा. किडी बहुतेक पानाखाली राहतात. पांढरी माशी, मावा, तुडतुडे, कोळी सगळे तिथेच.

कोऱ्या कागदावर पान झटका. खाली पांढरा कागद धरून फांदी टिचकीने झटका. कागदावर बारीक ठिपके पडले आणि चालायला लागले, तर ते फुलकिडे किंवा कोळी. फुलकिडे लांबट आणि चपळ, कोळी गोल टिंबासारखे आणि हळू. फोनचा कॅमेरा २ किंवा ३ पट झूम करून कागदाचा व्हिडिओ काढा, स्पष्ट दिसतात.

एक झाड बळी द्या. दहा झाडं आजारी असतील तर सर्वात वाईट असलेलं उपटून मुळं बघा. पांढरी, कडक मुळं म्हणजे निरोगी. तपकिरी, साल निघणारी, वास येणारी म्हणजे मूळकूज. एकच झाड असेल तर कुंडी आडवी करून मातीचा गोळा हळूच बाहेर काढून बघा आणि परत ठेवा.

आपल्या भागातले नेहमीचे संशयित

इंटरनेटवरची बागकामाची बरीच माहिती थंड देशांतली असते. तिथली माती वेगळी, ऊन वेगळं. विदर्भात या गोष्टी आधी तपासा.

कुंडीतली काळी माती. वावरात सोनं असलेली माती कुंडीत मात्र त्रास देते. ओली झाली की फुगते आणि निचरा थांबतो, सुकली की भेगा पडून कडेने पाणी सरळ खाली निघून जातं. मी सगळ्या २४ कुंड्या वावरातल्या नुसत्या काळ्या मातीने भरल्या होत्या. आता एक भाग काळी माती, एक भाग चांगलं कुजलेलं शेणखत आणि एक भाग जाड रेती व कोकोपीट मिळून वापरतो. कुंड्या विटांवर ठेवतो, म्हणजे तळाची भोकं जमिनीला टेकून बंद होत नाहीत.

लोहाची 'खोटी' कमतरता. आपल्या काळ्या मातीत चुनखडी असते आणि तिचा पीएच बऱ्याचदा ७.५ ते ८.५ च्या आसपास असतो. अशा मातीत लोह असूनही झाडाला मिळत नाही. त्यात बोअरचं जड पाणी. भांड्यावर पांढरा थर बसतो ना, तेच पाणी. मग गुलाब, जास्वंद, लिंबू यांची नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसतात. गंजलेले खिळे मातीत पुरून याला फायदा होत नाही. कृषी केंद्रात चिलेटेड लोह मिळतं, ते पाकिटावरच्या प्रमाणात द्या आणि पावसाचं पाणी साठवता आलं तर तेच वापरा.

मिरचीचा चुरडा-मुरडा. पानं वर वळून होडीसारखी झाली तर बहुधा फुलकिडे. खाली वळून उलट्या होडीसारखी झाली तर बहुधा कोळी. हा फरक महत्त्वाचा आहे, कारण कोळी हा कीटक नाही, आठ पायांचा प्राणी आहे. बरीचशी कीटकनाशकं त्याच्यावर चालत नाहीत. उलट त्याला खाणारे मित्रकीटक मरतात आणि कोळी वाढतो.

तणनाशकाचा वारा. हे शहरातल्या माहितीत सहसा सापडत नाही. शेजारच्या वावरात २,४-डी सारखं तणनाशक फवारलं आणि वारा तुमच्याकडे असला, तर टोमॅटोची नवी पानं अरुंद होतात, पिळतात, नेच्याच्या पानांसारखी दिसतात. हुबेहूब विषाणू! कपाशी आणि टोमॅटो दोन्ही याला फार नाजूक आहेत. तणनाशक मारलेला पंप नीट न धुता भाजीवर वापरला तरी हेच होतं. म्हणून घरच्या बागेचा छोटा पंप कायम वेगळा ठेवा.

शेडनेटखालची हवा. ५० टक्के सावलीची नेट मे महिन्यात झाडं वाचवते. पण पावसाळ्यात ढगाळ दिवसांत तीच नेट ठेवली तर झाडं उंच, बारीक, कमकुवत होतात. ओलावा अडकून करपा आणि भुरीला घर मिळतं. पावसाळ्यात नेट गुंडाळा किंवा बाजू मोकळ्या ठेवा. पाणी सकाळी आणि मुळाशी द्या, पानांवर नको. आणि उन्हाळ्यात टोमॅटोची फुलं गळली तर लगेच औषध शोधू नका. दिवसाचं तापमान ३५ अंशांच्या वर गेलं की टोमॅटोची फळधारणा मुळातच बिघडते.

एका लक्षणाला अनेक कारणं. आमच्याकडे शेतकऱ्याच्या पोराला कपाशीचा लाल्या माहीत असतो. पानं लाल होतात. पण तेच लालपण तुडतुड्यांनी रस शोषल्याने येतं, नत्र-मॅग्नेशियम कमी पडल्याने येतं, पाणी साचल्याने येतं आणि रात्री थंड झाल्या की येतं. नुसता रंग बघून औषध ठरवणारा शेतकरी फसतो. कुंडीतल्या टोमॅटोचंही तेच आहे.

आता फोन बाहेर काढा

वरची तपासणी झाल्यावर ॲपची खरी मदत होते, कारण आता तुम्ही त्याचं उत्तर तपासू शकता. फोटो असे काढा.

- एकाच झाडाचे चार फोटो: पूर्ण झाड, आजारी पान वरून, तेच पान खालून आणि खोड जमिनीला जिथे मिळतं ती जागा.
- सकाळी ८-९ वाजता, सावलीत. कडक ऊन आणि फ्लॅश दोन्हीमुळे रंग बदलतात. हिरव्या शेडनेटखाली फोटो हिरवट येतो, तेव्हा कुंडी बाहेर काढून घ्या.
- पानावर बोट ठेवून फोकस करा. फोन फार जवळ नेऊ नका, थोडं लांबून झूम करा.
- पूर्ण वाळलेलं पान नको. अर्धं निरोगी, अर्धं आजारी असं पान निवडा. रोगाची कड तिथेच दिसते.
- पिकाचं नाव स्वतः निवडायचा पर्याय असेल तर निवडा. निम्मा घोळ तिथेच मिटतो.

मग ही चाचणी करा: तीन वेगवेगळ्या पानांचे फोटो टाका. तिन्हींना एकच उत्तर आलं तर विचार करण्याजोगं. तीन उत्तरं आली तर समजा ॲपला माहीत नाही, फक्त ते तसं म्हणत नाहीये. प्लांटिक्ससारखं शेतीसाठी बनवलेलं ॲप असो की गुगल लेन्स, ही चाचणी सगळ्यांना लावा. ॲपने रोगाचं नाव दिलं की त्याची बाकीची लक्षणं वाचा आणि झाडावर शोधा. लेखात 'पानाखाली पांढरी बुरशी' लिहिलंय आणि तुमच्या पानाखाली काहीच नाही, तर उत्तर चुकलंय.

एक सवय जरूर लावा. दर रविवारी प्रत्येक कुंडीचा त्याच जागेवरून एक फोटो. फोटोत तारीख आपोआप साठते. एक अल्बम करा आणि पाणी, खत, फवारणी नोट्समध्ये एका ओळीत लिहा. हाच तुमचा लॉग. दोन महिन्यांनी 'हे कधीपासून सुरू झालं?' याचं उत्तर आठवणीतून शोधावं लागत नाही.

औषध मारण्याआधी थांबा

हा भाग कृपया वगळू नका.

२०१७ च्या पावसाळ्यात आमच्या यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर गेले. शेकडो जण दवाखान्यात होते. उंच वाढलेली कपाशी, तोंडावर काही नाही, दोन-तीन औषधं एकत्र मिसळलेली. मी तेव्हा कॉलेजात होतो, बातम्या वाचत होतो. इतकं माहीत असूनही मागच्या ऑगस्टमध्ये ॲपच्या एका ओळीवरून मीच बाटली हातात घेतली होती, ना हातमोजे, ना मास्क. आई नसती तर ते टोमॅटो आम्ही खाल्ले असते.

- बाटलीवरचा त्रिकोण बघा. लाल सर्वात विषारी, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. घरच्या बागेत लाल-पिवळ्याचं कामच नाही.
- लेबलवर तुमच्या पिकाचं नाव आहे का बघा. कपाशीसाठीचं औषध भाजीवर चालत नाही. मोनोक्रोटोफॉसवर तर भाजीपाल्यासाठी २००५ पासूनच बंदी आहे.
- फवारणी आणि तोडणी यात किती दिवस थांबायचं ते लेबलवर लिहिलेलं असतं. ते पाळा.
- दोन औषधं स्वतःच्या मनाने मिसळू नका.

२०-२५ कुंड्यांना बहुतेक वेळा याची गरजच पडत नाही. मावा आणि कोळी पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने पानाखालून धुतले जातात. पांढऱ्या माशीसाठी पिवळे आणि फुलकिड्यांसाठी निळे चिकट सापळे लावा. ५ टक्के निंबोळी अर्क करायचा तर १ लिटर पाण्याला ५० ग्रॅम कुटलेली निंबोळी रात्रभर भिजवून, गाळून, संध्याकाळी फवारा. आधी दोन-चार पानांवर मारून एक दिवस बघा. विषाणू झालेलं झाड मात्र औषधाने बरं होत नाही, ते उपटून टाकायचं.

एका वेळी एकच बदल

मुळं बघितल्यावर मला कारण कळलं होतं, पण खात्री करायची होती. चार कुंड्यांची भोकं मोठी केली, विटांवर ठेवल्या आणि पाणी बंद केलं. बाकी काही नाही, खत नाही, औषध नाही. दुसऱ्या चार जशा होत्या तशाच ठेवल्या. दोन आठवड्यांत पहिल्या चारपैकी तीन झाडांना वर नवी हिरवी पानं आली. दुसऱ्या चारपैकी तीन मेली. यापेक्षा स्पष्ट पुरावा कुठलं ॲप देणार?

पिवळी पडलेली जुनी पानं मात्र परत हिरवी होत नाहीत. इलाज लागू पडला की नाही हे नव्या पानांवरून ठरवा आणि किमान दहा-बारा दिवस थांबा. सॉफ्टवेअरमध्ये बिल्ड पाच मिनिटांत होतो, झाडाचा बिल्ड दोन आठवड्यांचा असतो.

तरी कळलं नाही तर कोणाला विचारायचं?

किसान कॉल सेंटरचा १८००-१८०-१५५१ हा नंबर मोफत आहे. सकाळी ६ ते रात्री १० सुरू असतो आणि मराठीत बोलता येतं. यवतमाळला कृषी विज्ञान केंद्र आहे. अकोल्याचं डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ आणि कपाशीसाठी नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था आहे. केंद्र सरकारने १५ ऑगस्ट २०२४ ला राष्ट्रीय कीड सर्वेक्षण प्रणालीचं ॲपही सुरू केलंय. विचारताना 'झाड पिवळं पडलंय, काय मारू?' असं विचारू नका. वरच्या चार प्रश्नांची उत्तरं आणि चार फोटो तयार ठेवा. समोरचा माणूस तुम्हाला नीट उत्तर देऊ शकेल.

थोडक्यात

किती झाडं, किती वेगाने, जुनी पानं की नवी, काय बदललं? मग बोट, वजन, पानाची खालची बाजू, कागद, मुळं. मग फोटो. मग एकच बदल आणि दोन आठवडे वाट. औषध सर्वात शेवटी.

माझ्या २४ पैकी ९ कुंड्या गेल्या. उरलेल्यांना दिवाळीनंतर टोमॅटो लागले. पहिली पाटी भरली तेव्हा आईने एक टोमॅटो न धुताच तोंडात टाकला. मी फोटो काढणार होतो, पण राहून गेला.